सर्व्हरने उत्तर दिलं नाही, म्हणजे काय? : गेम-सर्व्हरशी बोलणारी लायब्ररी लिहिताना



मागे एमएस्सीच्या एका विद्यार्थिनीने मला विचारलं, "ताई, गेम-सर्व्हरशी बोलणाऱ्या लायब्रऱ्या तयार मिळतात ना? मग तुम्ही स्वतःची का लिहिलीत?" प्रश्न रास्त आहे. सी भाषेतलं क्यूस्टॅट कितीतरी वर्षं जुनं आहे, नोडसाठी गेमडिग आहे, पायथॉनमध्येही पर्याय आहेत. खरं सांगायचं तर मला वाटलं होतं की हे दोन दिवसांचं काम आहे. प्रत्यक्षात पहिल्या आवृत्तीने माझे तीन महिने वाया घालवले. ते कसे गेले हे आज सांगते. तुम्ही पीएचडीच्या तयारीत असाल आणि डेटा गोळा करणारं काहीही स्वतः लिहिणार असाल, तर विषय गेमचा नसला तरी हे तुमच्या उपयोगी पडेल.

माझा विषय ऑनलाइन खेळांच्या सर्व्हरवरचा भार. परवानगी घेतलेल्या काही सर्व्हरना माझा प्रोग्रॅम दर पाच मिनिटांनी विचारायचा, "आत्ता किती जण खेळतायत?" आणि आकडा फाइलमध्ये लिहायचा. तीन महिन्यांनी आलेख काढला. संध्याकाळपासून रेष चढत जायची, रात्री नऊच्या सुमाराला एकदम खाली यायची आणि अकरानंतर परत वर. मी खूश! लगेच कारणही शोधलं: जेवणाची वेळ. प्रगती सेमिनारच्या स्लाइडवर तसं लिहूनही टाकलं. सेमिनारच्या आदल्या दिवशी मॅडमनी आलेखाकडे पाहिलं आणि एकच प्रश्न विचारला, "ह्यातले शून्य कुठून आले गं?"

त्या शून्यांपर्यंत जायचं तर आधी सर्व्हरशी बोलणं म्हणजे काय ते बघावं लागेल.

प्रश्न: पंचवीस बाइटचं पोस्टकार्ड

उदाहरण म्हणून व्हॉल्व्ह कंपनीच्या सोर्स इंजिनची प्रश्नपद्धत घेऊ. तिला ए२एस म्हणतात. काउंटर-स्ट्राइक, टीम फोर्ट्रेस २ यांचे सर्व्हर ती बोलतातच, पण स्टीमवरचे इतर कंपन्यांचे कितीतरी खेळही ती बोलतात. ही पद्धत यूडीपीवर चालते.

टीसीपी आणि यूडीपी यांतला फरक आपण बीएस्सीला पाठ केलेला असतो. टीसीपी म्हणजे पोचपावतीसह पाठवलेलं रजिस्टर पत्र. यूडीपी म्हणजे साधं पोस्टकार्ड: टाकलं पेटीत, पोचलं तर पोचलं. ते हरवू शकतं, उशिरा येऊ शकतं, आधी टाकलेलं नंतर येऊ शकतं, आणि पाठवणाऱ्याचा पत्ता खरा आहे याची कोणी खात्री करत नाही. हे चारही मुद्दे लक्षात ठेवा. लायब्ररीतला जवळजवळ प्रत्येक अवघड कोपरा यांतल्याच एकातून निघतो.

सर्व्हरची सर्वसाधारण माहिती विचारणारा प्रश्न असा असतो: आधी २५५ किमतीचे चार बाइट, मग ८४ किमतीचा एक बाइट (इंग्रजी 'टी' अक्षराचा कोड) आणि शेवटी 'सोर्स इंजिन क्वेरी' हे इंग्रजी शब्द व संपल्याची खूण म्हणून एक शून्य बाइट. एकूण २५ बाइट. सुरुवातीचे चार २५५ सांगतात की हा संदेश एकाच पाकिटात पूर्ण आहे. तुकड्यांत येणाऱ्या संदेशाची सुरुवात २५४ ने होते.

उत्तर: ओएमआर शीटसारखं

उत्तराचं पाकीटही चार २५५ ने सुरू होतं. पाचवा बाइट ७३ असेल ('आय' अक्षर), तर पुढे माहिती आहे. मग ओळीने येतात: प्रोटोकॉलचा आवृत्ती-क्रमांक, सर्व्हरचं नाव, नकाशाचं नाव, फोल्डर, खेळाचं नाव, खेळाचा ओळख-क्रमांक, खेळाडू किती, जास्तीत जास्त किती मावतात, बॉट किती, वगैरे.

इथे रकान्यांना नावं नसतात. फक्त क्रम असतो. ओएमआर शीटवर एक प्रश्न सोडून पुढचा गोल रंगवला की त्यानंतरची सगळी उत्तरं एकेक घर सरकतात, तसंच. एक बाइट जास्त वाचला, की पुढचं सगळं चुकतं. वाईट भाग असा की ते चुकल्याचं कळेलच असं नाही. बाइट कोणताही असो, त्यातून ० ते २५५ मधला काहीतरी आकडा निघतोच. खेळाडूंची संख्या म्हणून ३१ आला तर तुम्हाला शंका का येईल?

असे तीन खड्डे सांगते. तिन्हींत मी पडलेली आहे.

पहिला, बाइटचा क्रम. दोन बाइटच्या संख्येत लहान बाइट आधी येतो (लिटल-एंडियन). सर्व्हरचा नेहमीचा पोर्ट २७०१५. तो पाकिटात १३५ आणि १०५ असा दिसतो, कारण १३५ + १०५ × २५६ = २७०१५. उलटा वाचलात तर ३४६६५ मिळेल. तोही अगदी वैध पोर्ट आहे! चूक ओरडून सांगत नाही, ती अशी गपचूप बसून राहते.

दुसरा, कमी पडलेली जागा. खेळाच्या ओळख-क्रमांकाला दोनच बाइट दिलेत, म्हणजे ६५५३५ च्या पुढे जाताच येत नाही. पण स्टीमवर 'रस्ट' या खेळाचा क्रमांक २५२४९० आहे. तो दोन बाइटमध्ये कोंबला तर ५५८८२ उरेल. यावर उपाय म्हणून पाकिटाच्या शेवटी आठ बाइटचा एक ऐच्छिक रकाना आहे. त्याच्या खालच्या २४ बिटांत पूर्ण क्रमांक मिळतो. तो असेल तर आधीच्या आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही.

तिसरा, हे ऐच्छिक रकाने. कोणते रकाने आलेत ते एका बाइटातल्या बिटांवरून कळतं. आपण गृहीत धरतो की ते बिटांच्या उतरत्या किमतीने येतील: १२८, ६४, ३२, १६, १. प्रत्यक्षात क्रम आहे १२८, १६, ६४, ३२, १. यामागे तर्क शोधत बसू नका. जुन्या घराला खोल्या वाढवत नेल्या की जिना कुठेही येतो, तसं हे. म्हणून कागदपत्र वाचताना आपल्या मनातला क्रम त्यावर लादायचा नाही. आहे तसा वाचायचा.

ओटीपी का लागतो?

मी सुरुवातीला एका जुन्या माहितीपत्रावरून काम केलं. त्यात प्रश्न पाठवला की सरळ उत्तर येतं असं होतं. माझ्या लायब्ररीला मात्र काही सर्व्हरकडून नऊच बाइट यायचे: चार २५५, मग ६५ ('ए' अक्षर), मग चार बाइट. लायब्ररी म्हणायची, अनोळखी उत्तर, फेकून द्या.

हे नऊ बाइट म्हणजे आपल्या बँकेचा ओटीपी. सर्व्हर म्हणतो, "हा चार बाइटचा आकडा घे आणि तो जोडून तोच प्रश्न परत विचार." मग आपण २५ ऐवजी २९ बाइट पाठवायचे, की खरं उत्तर येतं. खेळाडूंची यादी मागताना ही अट आधीपासून होती. सर्वसाधारण माहितीच्या प्रश्नाला ती डिसेंबर २०२० मध्ये लागली.

का लागली, ते समजून घ्या, कारण इथे लायब्ररीचा प्रश्न सुरक्षेच्या संशोधनाला जाऊन भिडतो. पोस्टकार्डावर पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा लिहिता येतो. हल्लेखोर तुमचा पत्ता लिहून हजारो सर्व्हरना छोटे प्रश्न पाठवतो आणि मोठमोठी उत्तरं तुमच्या दारात येऊन पडतात. याला प्रवर्धन हल्ला म्हणतात. ख्रिस्तियन रोसो यांनी २०१४ च्या एनडीएसएस परिषदेत अशा अनेक प्रोटोकॉलचं मोजमाप मांडलं. त्याच वर्षी अमेरिकेच्या यूएस-सर्ट संस्थेने प्रसिद्ध केलेल्या तक्त्यात स्टीमच्या प्रोटोकॉलचा गुणक ५.५ आणि क्वेकच्या प्रोटोकॉलचा ६३.९ दिला आहे. म्हणजे हल्लेखोराने एक बाइट पाठवला तर बळी पडणाऱ्याकडे साधारण तितके बाइट पोचतात.

आता ओटीपीचं गणित करा. २५ बाइटच्या प्रश्नाला ९ बाइटचं उत्तर. गुणक एकाहून कमी! पत्ता खोटा असेल तर ते नऊ बाइट भलत्याकडेच जातात, हल्लेखोराला आकडा कळत नाही, आणि गोष्ट तिथेच संपते. मला जो 'बिघाड' वाटत होता तो खरं तर बंदोबस्त होता.

लायब्ररीत इथे एक काळजी घ्या. ओटीपी पाठवल्यावर सर्व्हर पुन्हा नवा ओटीपी देऊ शकतो. 'उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा' असं लिहिलंत तर दोघं एकमेकांना चिठ्ठ्या पाठवत बसतील. दोन-तीन फेऱ्यांनंतर थांबायचं.

मोठं उत्तर तुकड्यांत येतं

खेळाडूंची किंवा नियमांची यादी मोठी असली की ती एका पाकिटात मावत नाही. मग सर्व्हर तुकडे करतो. सोर्स इंजिनच्या प्रत्येक तुकड्यावर संदेशाचा क्रमांक, एकूण तुकडे किती आणि हा कितवा, हे लिहिलेलं असतं. तुकडे कोणत्याही क्रमाने येतील, एखादा दोनदा येईल, एखादा येणारच नाही. जुन्या गोल्डसोर्स इंजिनचे सर्व्हर तर 'कितवा' आणि 'एकूण' हे दोन्ही एकाच बाइटाच्या दोन अर्ध्या भागांत भरतात.

नियम साधा ठेवा: सगळे तुकडे आले तरच जोडा. एक जरी कमी असेल तर 'अपुरं उत्तर' म्हणून नोंद करा. आहेत तेवढ्यावर भागवून निम्मी यादी परत करण्याचा मोह होतो. तो टाळा. निम्मी यादी पूर्ण यादीसारखीच दिसते.

आता ते शून्य

माझ्या पहिल्या आवृत्तीत एक ओळ होती. तिचा मराठीत अर्थ असा: 'दोन सेकंदांत उत्तर आलं नाही, तर खेळाडू शून्य समज.' लिहिताना काही वावगं वाटलं नव्हतं. प्रोग्रॅम बंद पडू नये, एवढाच हेतू होता.

पण उत्तर केव्हा येत नाही? सर्व्हर खूप कामात असला की. गर्दीच्या वेळी सर्व्हर आधी खेळाकडे बघतो, माझ्या चौकशीकडे नंतर. शिवाय बरेच चालक चौकशीच्या उत्तरांवर मर्यादा घालून ठेवतात. रात्री नऊ ते अकरा ही सगळ्यात गर्दीची वेळ होती. त्याच वेळी सगळ्यात जास्त प्रश्न अनुत्तरित राहत होते आणि माझी लायब्ररी प्रत्येकाच्या नावापुढे शून्य मांडत होती. सर्व्हर जितका भरलेला, तितका आलेखात रिकामा. जेवणाची वेळ वगैरे काही नव्हतं.

संख्याशास्त्रात याला नाव आहे: हरवलेला डेटा यदृच्छ नसणं. डेटा ज्या कारणाने हरवला ते कारण तुम्ही जे मोजताय त्याच्याशीच जोडलेलं असतं. अशा वेळी सरासरी काढून, रिकाम्या जागा भरून काही सुधारत नाही. तुमच्या सर्वेक्षणातही हे होऊ शकतं. कामाच्या ताणाबद्दलची प्रश्नावली ज्यांनी भरून दिली नाही, तेच कदाचित सगळ्यात जास्त ताणाखाली असतात.

म्हणून माझी आताची लायब्ररी कधीच नुसता आकडा देत नाही. ती पाचपैकी एक निकाल देते: उत्तर मिळालं, वेळ संपली, पत्त्यावर कोणी ऐकत नाही असा निरोप आला, उत्तर अपुरं आलं, उत्तर आलं पण वाचता आलं नाही. खेळाडूंची संख्या फक्त पहिल्या निकालात असते. बाकी चारांत ती जागाच नसते, त्यामुळे चुकून शून्य वापरायची सोयच उरत नाही.

कोणत्या प्रश्नाचं हे उत्तर?

मला प्रतिसादाचा वेळही मोजायचा होता. प्रश्न पाठवला, दोन सेकंद थांबले, उत्तर नाही. परत पाठवला आणि दहा मिलिसेकंदांत उत्तर आलं. मग वेळ किती, दहा मिलिसेकंद की दोन सेकंद आणि दहा मिलिसेकंद? साध्या ए२एस उत्तरावर 'हे अमुक प्रश्नाचं उत्तर' असं काही लिहिलेलं नसतं. पहिल्याच प्रश्नाचं उत्तर रेंगाळत आलेलं असू शकतं.

हीच अडचण टीसीपीत होती. फिल कार्न आणि क्रेग पार्ट्रिज यांनी १९८७ मध्ये तिच्यावर उपाय मांडला: जे पाकीट पुन्हा पाठवावं लागलं, त्याची वेळ अंदाजासाठी धरायचीच नाही. मी तेच करते. पुन्हा विचारून मिळालेल्या उत्तरातला खेळाडूंचा आकडा घेते, वेळ मात्र कोरी सोडते. आपली अडचण चाळीस वर्षांपूर्वी कोणाला तरी आली असण्याची शक्यता बरीच असते. म्हणून कोडला हात घालण्याआधी एक दिवस वाचनाला द्या.

आणखी दोन बारीक गोष्टी. वेळ मोजायला भिंतीवरच्या घड्याळासारखी प्रणालीची वेळ वापरू नका, ती मध्येच दुरुस्त होते आणि मागेही जाते. फक्त पुढेच सरकणारं घड्याळ बहुतेक भाषांत असतं, ते वापरा. आणि प्रत्येक सर्व्हरसाठी वेगळं सॉकेट उघडून ते त्याच पत्त्याला बांधून टाका, म्हणजे एकाचं उत्तर दुसऱ्याच्या खात्यावर पडणार नाही.

रचना: पोस्टमन वेगळा, वाचणारा वेगळा

माझ्या पहिल्या आवृत्तीत पाकीट आणणं आणि ते वाचणं एकाच फंक्शनमध्ये होतं. त्यामुळे वाचणाऱ्या भागाची चाचणी घ्यायची तरी खरा सर्व्हर लागायचा. आता दोन भाग वेगळे आहेत. पोस्टमन फक्त बाइट नेतो-आणतो. वाचणारा बाइट घेतो आणि निकाल देतो, त्याला नेटवर्क ठाऊकच नाही. वाचणाऱ्याला मी साठवलेली जुनी पाकिटं देते, मधेच तोडलेली देते, उगाच बनवलेला कचरा देते. अट एकच: त्याने कोलमडायचं नाही, अडकून बसायचं नाही आणि अंदाजाने काही सांगायचं नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: मिळालेले कच्चे बाइट जसेच्या तसे, वेळेसह साठवा. मी फक्त आकडे साठवले होते. मॅडमनी विचारलं तेव्हा माझ्या फाइलमध्ये खरे शून्य आणि खोटे शून्य शेजारी-शेजारी बसलेले होते आणि त्यांना वेगळं करायचा काहीच मार्ग नव्हता. कच्चे बाइट असते तर एका रात्रीत सगळं पुन्हा वाचून काढलं असतं. ते नव्हते. सेमिनारमध्ये मी तो आलेख दाखवला नाही, काय झालं ते सांगितलं आणि तीन महिन्यांचं मोजमाप पुन्हा सुरू केलं. समितीने रागावलं नाही, पण मुदतवाढीचा अर्ज मलाच करावा लागला.

लायब्ररी बरोबर, तरी आकडा चूक

समजा, लायब्ररी निर्दोष झाली. तरी सर्व्हर जे सांगतो ते खरंच आहे असं नाही. काही सर्व्हर खेळाडूंच्या आकड्यात बॉटही धरतात. गर्दी दिसावी म्हणून आकडा फुगवणारेही असतात. 'सर्व्हरने सांगितलेले खेळाडू' आणि 'खेळणारी माणसं' या दोन गोष्टी आहेत, प्रबंधात त्या दोन वेगळ्या नावांनीच लिहा.

शिष्टाचारही पाळा. सराव स्वतःच्या यंत्रावर स्वतःचा सर्व्हर चालवून करा. दुसऱ्याच्या सर्व्हरला नियमित विचारायचं असेल तर चालकाची परवानगी घ्या आणि गरजेपेक्षा जास्त वेळा विचारू नका. खेळाडूंची नावं लागत नसतील तर ती यादी मागूच नका.

तुमच्यापैकी कोणाला हे करून बघायचं असेल, तर या आठवड्यात एवढंच करा. स्वतःचा एक सर्व्हर चालू करा, वायरशार्कमध्ये एक प्रश्न आणि एक उत्तर पकडा, आणि उत्तराचे बाइट वहीत उतरवून हाताने वाचा. मग सर्व्हर बंद करून तोच प्रश्न परत विचारा आणि तुमचा प्रोग्रॅम काय लिहितो ते पाहा. तिथे शून्य दिसलं, तर पुढचं काम कुठून सुरू करायचं ते तुम्हाला कळलंच.